कोयनेत छोटे भूकंप थांबत का नाहीत? शिवसागरच्या पाण्याखाली शास्त्रज्ञ नेमकं काय शोधत आहेत?

'कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का. कोणतीही हानी नाही.'

अशी दोन ओळींची बातमी तुम्ही आजवर कितीतरी वेळा पाहिली असेल आणि स्क्रोल करून पुढे गेला असाल. पण त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक म्हणतो, 'छोटे धक्के बसतायत म्हणजे मोठा भूकंप येणार.' दुसरा म्हणतो, 'छोटे धक्के बसतायत म्हणजे जमिनीतला ताण निघून जातोय, आता मोठा येणार नाही.' दोन्ही मेसेज तितक्याच आत्मविश्वासाने फॉरवर्ड होतात.

या प्रश्नाशी मावळ तालुक्यातल्या एका गावाचा थेट संबंध आहे. सुदुंबरे. वारकऱ्यांना हे गाव संत संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे माहीत आहे. याच गावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचं मुख्यालय आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात इमारत कोसळली, दरड आली, पूर आला की जी पथकं धावतात, ती याच बटालियनची. सुदुंबऱ्यापासून कोयना धरण हवाई अंतराने साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. तिथे उद्या मोठा हादरा बसला, तर पहिल्या काही फोनपैकी एक इथे वाजेल.

त्यामुळे कोयनेतले छोटे भूकंप नेमकं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

शिवसागर म्हणजे नेमकं काय?

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना नदी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, देशमुखवाडीजवळ अडवली आहे. हे धरण १०३ मीटर उंच आहे. धरणामागे जो जलाशय तयार झाला, त्याचं नाव शिवसागर. तापोळा आणि बामणोलीला बोटिंग करताना रील्समध्ये जे निळंशार पाणी दिसतं, ते याच जलाशयाचं.

या जलाशयात १०५ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. ते बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाच्या बाजूला सोडून त्यावर वीज तयार होते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणूनच कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात.

नावात सागर असला तरी हा समुद्र नाही. पण भूकंप शास्त्रज्ञांसाठी अडचण समुद्रासारखीच आहे. ज्या जमिनीचा अभ्यास करायचा, तिच्यावर पाणी उभं आहे.

११ डिसेंबर १९६७ ला काय झालं होतं?

धरणात पाणी अडवायला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रारंभ झाला. त्यानंतर थोड्याच काळात आसपासच्या गावांत जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज आणि छोटे धक्के जाणवू लागले. ही गोष्ट अनपेक्षित होती. दख्खनचं पठार म्हणजे जुना, थंड, घट्ट खडक. इथे भूकंप होत नाहीत, असाच तेव्हाचा समज होता. धक्के जाणवू लागल्यावर धरणाच्या परिसरात भूकंपमापक यंत्रं बसवली गेली.

सप्टेंबर १९६७ मध्ये ५ हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. आणि ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. काही नोंदींमध्ये ही तीव्रता याहून जास्त दिली आहे.

थंडीच्या दिवसांतली पहाट. लोक साखरझोपेत होते. कोयनानगर आणि आसपासच्या गावांतली दगड-मातीची घरं कोसळली. सुमारे १८० ते २०० लोकांचा मृत्यू झाला, दोन हजारांहून अधिक जखमी झाले. हादरे पुण्या-मुंबईपर्यंत जाणवले. कोयनेची वीजनिर्मिती थांबल्याने मुंबईच्या वीजपुरवठ्यालाही फटका बसला.

धरण टिकलं. पण भिंतीला तडे गेले. नंतर भिंतीच्या मागच्या बाजूने काँक्रिटचा भक्कम आधार देऊन ती मजबूत करण्यात आली. धरणाच्या आतल्याच एका यंत्राने त्या पहाटेच्या हादऱ्यांची नोंद केली होती. भूकंपात धरण कसं वागतं, हे तपासण्यासाठी जगभरातले अभियंते आजही ती नोंद वापरतात.

धरणाच्या पाण्याशी संबंध जोडला गेलेल्या भूकंपांमध्ये कोयनेचा भूकंप जगातला सर्वांत मोठा मानला जातो. याआधी चीनमधलं शिनफेंगच्यांग, झांबिया-झिंबाब्वे सीमेवरचं करिबा आणि ग्रीसमधलं क्रेमास्ता या धरणांजवळ १९६२ ते १९६६ या काळात ६ हून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले होते.

म्हणजे धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतो का?

उत्तर 'हो' आणि 'नाही' यांच्या मधलं आहे.

एक साधा हिशोब पाहा. धरणाजवळ पाणी १०० मीटर खोल आहे असं धरलं, तर त्या पाण्याचा तळावर पडणारा दाब हवेच्या दाबाच्या साधारण १० पट होतो. आता जमिनीखाली ५ किलोमीटरवर जा. तिथे वरच्या खडकांच्या वजनाचा दाब हवेच्या दाबाच्या जवळपास १,३०० पट असतो. त्यापुढे पाण्याचा वाटा १ टक्काही नाही. एवढ्याशा वाढीने घट्ट खडक तुटत नाही.

मग भूकंपाची ताकद येते कुठून? ती आधीपासून खडकात साठलेली असते. भारतीय भूखंड वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतोय आणि आशियाच्या मुख्य भूखंडाला धडकतोय. त्या रेट्यामुळे हिमालय वर उचलला गेला. पण ताण फक्त हिमालयात साठत नाही. भूखंडाच्या पोटातही, जिथे जुने तडे आहेत तिथे, तो हळूहळू साचत राहतो. या तड्यांना भ्रंश किंवा फॉल्ट म्हणतात.

घाटात बंद पडलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. टायरखाली दगड लावून तो उतारावर उभा केलाय. ट्रकचं वजन आणि उतार आधीपासून आहेत. दगड थोडासा हलला की ट्रक सुटतो. ट्रकला जी गती येते ती उताराची असते, दगड हलवणाऱ्याची नाही.

शिवसागरचं पाणी दगड हलवण्याचं काम करतं. ते दोन पद्धतींनी.

पहिली पद्धत म्हणजे वजन. पावसाळ्यात काही आठवड्यांत अब्जावधी लिटर पाणी एकाच जागी येतं. खडकावरचा भार बदलतो.

दुसरी पद्धत जास्त महत्त्वाची. पाणी तड्यांमधून खाली झिरपतं किंवा आधीच खाली असलेल्या पाण्यावरचा दाब वाढवतं. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट चिकटून असतात. मधल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड सैल होते. हा दाब खोलवर पोहोचायला वेळ लागतो. म्हणूनच धरण भरल्यावर लगेच नाही, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही भूकंप होऊ शकतात. १९६७ चा मोठा भूकंप पावसाळ्यात न होता डिसेंबरमध्ये का झाला, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून आता शास्त्रज्ञ 'पाण्याने घडवलेला भूकंप' असं म्हणण्याऐवजी 'पाण्याने चालना दिलेला भूकंप' असं म्हणतात.

कोयनेत आजवर किती भूकंप झाले?

१९६० च्या दशकापासून आजवर कोयना परिसरात ५ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे २० हून अधिक भूकंप झालेत. ४ च्या वरचे २०० च्या आसपास. छोट्या धक्क्यांचा आकडा हजारोंमध्ये आहे. १९७३, १९८०, २००० आणि २००५ या वर्षांतही ५ च्या वरचे धक्के बसले.

दक्षिणेला वारणा नदीवर चांदोलीला दुसरं मोठं धरण आहे. तिथे १९८५ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. १९९३ नंतर भूकंपांचा एक मोठा गट या वारणेच्या बाजूला दिसू लागला. त्यामुळे आता या पट्ट्याला कोयना-वारणा क्षेत्र म्हणतात.

पण हे सगळे भूकंप जेमतेम ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याच भागात होतात. बहुतेक भूकंप १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात. आसपास ५० किलोमीटरमध्ये दुसरा कुठला मोठा सक्रिय पट्टा नाही. म्हणजे भूकंपांचा अभ्यास करायला निसर्गानेच एक छोटी, वेगळी काढलेली प्रयोगशाळा दिल्यासारखी स्थिती आहे. जगभरातल्या शास्त्रज्ञांना कोयनेत रस आहे तो यामुळे.

इतके छोटे भूकंप मोजतात कसे?

२ तीव्रतेचा धक्का माणसाला बहुतेक वेळा जाणवतही नाही. पण भूकंपमापकाला जाणवतो.

भूकंप झाला की मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली 'पी' लहर. ती खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने जाते. दुसरी 'एस' लहर. तिचा वेग साधारण साडेतीन किलोमीटर. दोन्ही एकाच वेळी निघतात, पण यंत्रापर्यंत पुढे-मागे पोहोचतात.

वीज चमकली आणि काही सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, की वीज किती लांब पडली याचा अंदाज आपण बांधतो. तसंच हे आहे. दोन लहरींमधल्या सेकंदांना साधारण ८ ने गुणलं की भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. २ सेकंदांचा फरक असेल, तर भूकंप यंत्रापासून साधारण १६ किलोमीटरवर झाला.

एका यंत्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. म्हणून अनेक यंत्रं लागतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून काढलेली अंतरं जिथे जुळतात, तिथे भूकंप झाला. कोयना-वारणा परिसरात नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे मेरी आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था म्हणजे एनजीआरआय यांची यंत्रं आहेत. जमिनीवर वाऱ्याचा, वाहनांचा, पावसाचा आवाज यंत्रात मिसळतो. तो टाळण्यासाठी काही यंत्रं खोल विंधन विहिरींमध्ये उतरवली आहेत.

पाण्याखालचा भ्रंश दिसतो कसा?

रात्री खंडाळ्याच्या घाटाकडे लांबून पाहिलं तर रस्ता दिसत नाही. पण गाड्यांच्या दिव्यांची रांग रस्ता कुठून वळतो ते सांगते. छोट्या भूकंपांचं तसंच आहे. एकेका धक्क्याची जागा आणि खोली नकाशावर मांडत गेलं, की हजारो ठिपक्यांमधून भ्रंशाची रेषा उमटते. तो कुठून कुठे जातो, किती खोल आहे, कुठल्या बाजूला कललाय, हे सगळं त्यातून कळतं.

छोट्या भूकंपांचा खरा उपयोग हा आहे. ते मोठ्या भूकंपाची तारीख सांगत नाहीत. मोठा भूकंप कुठल्या तड्यावर होऊ शकतो, तो तडा ते दाखवतात.

१९६७ च्या भूकंपाशी ज्या भ्रंशाचा संबंध जोडला जातो, त्याला डोणीचावाडा भ्रंश म्हणतात. तो साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य असा जातो. इथली जमीन प्रामुख्याने आडवी सरकते, म्हणजे भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घासत विरुद्ध दिशांना जातात. वरून बेसॉल्टचा जाड थर आणि दाट जंगल असल्याने हा भ्रंश नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. त्यासाठी विमानातून लेझर किरणांनी जमिनीचं मोजमाप करण्यात आलं. गुरुत्वाकर्षणातले आणि चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरकही विमानातून मोजले गेले.

असाच प्रश्न तुर्कस्तानसमोर आहे, फक्त खूप मोठा. इस्तंबूलच्या दक्षिणेला मर्मराचा समुद्र आहे. चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला. त्याच्या तळाखालून उत्तर अनातोलियन भ्रंश जातो. ऑगस्ट १९९९ मध्ये याच भ्रंशाच्या पूर्वेकडच्या भागात, इझमितजवळ मोठा भूकंप झाला आणि १७ हजारांहून अधिक लोक मारले गेले. त्यानंतर समुद्राच्या तळावर आणि किनाऱ्यावरच्या विंधन विहिरींमध्ये यंत्रं ठेवून तिथल्या छोट्या धक्क्यांवर नजर ठेवली जाते. भ्रंशाचा कुठला भाग हळूहळू सरकतोय आणि कुठला अडकून बसलाय, हे त्यावरून ओळखतात. अडकलेला भाग जास्त धोकादायक, कारण तिथे ताण साठतोय.

मर्मरात भ्रंश प्रचंड लांब आहे आणि काठावर दीड कोटी वस्तीचं शहर. कोयनेत भ्रंश छोटा आहे, पण पद्धत तीच.

तीन किलोमीटर खोल खड्डा कशासाठी?

जमिनीवरून कितीही मोजलं तरी भूकंप जिथे जन्मतो तिथलं तापमान, पाण्याचा दाब आणि खडकावरचा ताण थेट कळत नाही. त्यासाठी आत जावं लागतं.

केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने त्यासाठी कोयनेत खोल वेधनाचा प्रकल्प हाती घेतला. सातारा जिल्ह्यातल्या कराडला बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. आधी परिसरात साधारण दीड किलोमीटर खोलीपर्यंतच्या अनेक विहिरी घेऊन नमुने काढले. मग गोठणे इथे डिसेंबर २०१६ मध्ये पथदर्शी विहिरीचं काम सुरू झालं आणि जून २०१७ पर्यंत ती सुमारे ३ किलोमीटर खोल गेली.

आत काय सापडलं?

- वर सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसॉल्ट. म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा कातळ. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे.
- त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. त्याचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास. मध्ये गाळाच्या खडकाचा थर नाही.
- इतक्या खोलवरही खडकात तडे आहेत आणि त्यांत पाणी आहे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याचा दाब खोलवर पोहोचतो, ही इतकी वर्षं मांडली जाणारी कल्पना होती. तशी वाट खडकात असू शकते, हे आता नमुन्यांवरून पाहता येतं. याहून खोल, भूकंपांच्या उगमाच्या जवळ जाऊन तिथे कायमची यंत्रं बसवायची, हे या प्रकल्पाचं पुढचं उद्दिष्ट आहे.

'छोटे धक्के बसले, म्हणजे मोठा टळला' हे खरं आहे का?

नाही. इथे गणित पाहावं लागेल.

भूकंपाची तीव्रता मोजायची पट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही. तीव्रता १ ने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. २ ने वाढली की जवळपास १,००० पट.

या हिशोबाने १९६७ सारख्या ६.३ तीव्रतेच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४ तीव्रतेचे सुमारे २,८०० भूकंप लागतील. कोयनेत साठ वर्षांत ४ च्या वरचे भूकंप झालेत २०० च्या आसपास. ३ आणि २ तीव्रतेचे धक्के तर या हिशोबात चिल्लर आहेत.

म्हणजे छोट्या धक्क्यांनी ताण 'निघून गेला' असं समजून निर्धास्त होणं चुकीचं. आणि उलटंही तितकंच खरं. कोयनेत गेली सहा दशकं हजारो छोटे धक्के बसलेत, पण ६ च्या वरचा भूकंप एकदाच झाला. त्यामुळे प्रत्येक छोट्या धक्क्यानंतर 'मोठा येणार' म्हणणं हेही चुकीचं.

मग अंदाज अजिबात बांधता येत नाही का?

काही प्रमाणात येतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तसा नाही.

एनजीआरआयचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी कोयनेचा अनेक दशकं अभ्यास केला. त्यांना दिसलेली एक गोष्ट म्हणजे, जलाशयाची पातळी आठवड्यात १२ मीटरहून अधिक वेगाने वाढली, तर ५ तीव्रतेच्या भूकंपाची शक्यता वाढते. आधीच्या वर्षांतली सर्वोच्च पातळी ओलांडली जाते तेव्हाही तसंच. पण एवढं झालं म्हणजे भूकंप होणारच असं नाही. पोषक परिस्थिती तयार होते, इतकंच.

दुसरा प्रयोग छोट्या धक्क्यांचा. ४ तीव्रतेच्या भूकंपाआधी काही तास किंवा दिवस छोटे धक्के एका ठराविक जागी गोळा होतात, असं काही वेळा दिसलं. त्या आधारावर २००५-०६ मध्ये काही अंदाज आधीच नोंदवले गेले. मे २००६ मध्ये पंधरा दिवसांच्या मुदतीचा असा एक अंदाज दिला होता आणि २१ मे रोजी ४.२ तीव्रतेचा धक्का बसला.

हे मोठं यश आहे, पण त्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. अंदाज ४ च्या आसपासच्या भूकंपाचा होता, छोट्याशा भागापुरता होता आणि काही दिवसांच्या मुदतीचा होता. 'आज रात्री २ वाजता ७ तीव्रतेचा भूकंप' असं जगातली कुठलीही संस्था सांगू शकत नाही. असा मेसेज आला तर तो खोटा आहे, हे वाचतानाच समजून जा.

पवना, मुळशी, वळवण... मावळातल्या धरणांचं काय?

मावळ आणि मुळशी म्हणजे पाण्याचाच प्रदेश. पवना, आंद्रा, वडिवळे, लोणावळ्याजवळचे टाटांचे तलाव. त्यातले काही तलाव शंभर वर्षांहून जुने. मग कोयनेसारखं इथेही होईल का?

जगात हजारो मोठी धरणं आहेत. त्यातल्या फार थोड्या, म्हणजे शंभरभर ठिकाणीच पाण्याने भूकंपाला चालना दिल्याचं दिसलंय. महाराष्ट्रात कोयना-वारणेशिवाय शहापूरच्या भातसा धरणाजवळ १९८३ मध्ये धक्क्यांची मालिका झाली होती. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: जुना भ्रंश, त्यात जवळपास तुटण्याच्या बेतात आलेला ताण, आणि पाण्याचा दाब तिथवर पोहोचण्याची वाट. कोयनेसारखी सततची मालिका मावळातल्या तलावांभोवती दिसलेली नाही.

पण याचा अर्थ इथे भूकंपाचा धोकाच नाही, असा नाही. २००२ च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात पुणे परिसर तिसऱ्या आणि कोयना चौथ्या क्षेत्रात आहे. आणि नकाशावर फार भरवसा ठेवता येत नाही, हे किल्लारीने शिकवलंय. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळ ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १० हजार लोकांचा जीव गेला. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता.

कोयना ६.३, किल्लारी ६.२. तीव्रता जवळपास सारखी. मृतांच्या आकड्यात मात्र पन्नास पटींचा फरक. किल्लारीला भोवती दाट वस्ती होती. जाडजूड दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या आणि वर जड माळवद. माणसं झोपेत त्याखाली गाडली गेली.

सुदुंबऱ्याहून मदत निघते तेव्हा...

एनडीआरएफची स्थापना २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार झाली. एका बटालियनमध्ये साधारण ४५ जणांची, स्वतःपुरती सगळी सामग्री घेऊन निघणारी १८ पथकं असतात. काँक्रिट कापायची यंत्रं, ढिगाऱ्यात सोडायचे कॅमेरे, आतला बारीक आवाज टिपणारी उपकरणं आणि माग काढणारे कुत्रे असा ताफा असतो.

पाचव्या बटालियनने ३० जुलै २०१४ च्या माळीण दुर्घटनेत काम केलं. २०१८ च्या अखेरीपासून पालघरच्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाची मालिका सुरू झाली, लोक घरात झोपायला घाबरू लागले, तेव्हाही एनडीआरएफला तिथे पाठवलं होतं. पावसाळ्यात तर पथकं आधीच कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे नेऊन ठेवतात.

तरीही अंतर आणि वेळ यांचं गणित बदलत नाही. जुलै २०२१ मध्ये कोयनेच्याच खोऱ्यात, पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. मदत पोहोचायला पाऊस आणि तुटलेले रस्ते दोन्ही आडवे आले. मोठ्या भूकंपात रस्ते, पूल, वीज आणि मोबाइल टॉवर यांचं एकाच वेळी नुकसान होऊ शकतं.

ढिगाऱ्यातून जिवंत निघणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या काही तासांत शेजारीपाजारीच बाहेर काढतात, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून एनडीआरएफची पथकं शाळा-कॉलेजांत आणि गावांत जाऊन प्रशिक्षण देतात. तुमच्या गावात असा कार्यक्रम असेल, तर फोटोपुरतं जाऊ नका. स्ट्रेचर कसं उचलायचं, रक्तस्राव कसा थांबवायचा, ढिगाऱ्यावर कुठे उभं राहायचं नाही, हे शिकून या.

आपण काय करायचं?

घर बांधताना: जोतं, चौकटींच्या वरची पातळी आणि छताखाली असे तीन सलग काँक्रिटचे पट्टे घ्या. कोपऱ्यांत उभ्या सळया टाका. दगडी भिंत असेल तर दर थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवा. जुन्या घरावर नंतर जड स्लॅब टाकण्याआधी अभियंत्याला विचारा.

घरात: कपाट, पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर भिंतीला नीट बांधा. पलंगाच्या डोक्यावर जड वस्तू ठेवू नका. कोयना आणि किल्लारी, दोन्ही भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाले, हे विसरू नका.

धक्का बसताना: काँक्रिटच्या इमारतीत असाल तर जिन्याकडे आणि लिफ्टकडे पळू नका. भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. दगड-मातीच्या घरात दार हाताशी असेल तर मोकळ्यावर या. बाहेर असाल तर भिंती, विजेच्या तारा आणि घाटात असाल तर दरडीपासून लांब राहा.

धक्का बसल्यावर: गॅस बंद करा. तडे गेलेल्या घरात लगेच परत जाऊ नका. मदतीसाठी ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लावा.

फॉरवर्ड करण्याआधी: राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' नावाचं अ‍ॅप आहे. भूकंप कुठे झाला, किती वाजता, किती तीव्रतेचा आणि किती खोल, हे तिथे पाहता येतं. या चार गोष्टी नसलेला मेसेज पुढे पाठवू नका.

शिवसागरखालचा भ्रंश कधी हलेल, ते आज कुणी सांगू शकत नाही. तो कुठे आहे, हे मात्र साठ वर्षांच्या छोट्या धक्क्यांनी बऱ्यापैकी दाखवून दिलंय. त्यामुळे पुढच्या वेळी 'कोयनेत सौम्य धक्का' अशी बातमी दिसली, तर घाबरण्याचं कारण नाही. घराच्या भिंतीकडे एकदा नजर टाकायला मात्र हरकत नाही.